इक्वलायझर: वजाबाकीचं यंत्र

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती. खिशातला फोन काढा, त्यातला इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा खालचा, मधला, वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करणारे स्लायडर, उघडा आणि आत्ता त्यात काय लावलेलं आहे ते नुसतं बघा. बदलू मात्र काही नका.

कार्यक्रमाआधी पुढच्या रांगेतल्या सात-आठ जणांनी मला आपापले फोन दाखवले. जवळपास सगळीकडे एकच आकृती होती. डावीकडचे स्लायडर वर, उजवीकडचे वर, मधले खाली. दोन खुंट्यांना बांधलेल्या झोळीसारखी. डावीकडे बास म्हणजे खालचे जाड स्वर, उजवीकडे ट्रेबल म्हणजे वरचे बारीक स्वर, म्हणून दोन्ही टोकं उचलली की गाणं भरदार आणि चकचकीत वाटतं. पहिली पाच मिनिटं तसं वाटतंही. पण ती झोळी जिथे खाली लोंबते, नेमका तिथेच माणसाचा आवाज असतो. त्यालाच आपण हौसेनं मागे ढकलतो, आणि मग शब्द कळत नाहीत म्हणून व्हॉल्यूम वाढवतो.

आज मला तुमच्या गळी एवढंच उतरवायचं आहे, की इक्वलायझर वापरायचा तो वजाबाकीसाठी. जे जास्त होतंय ते काढा. जे हवंय ते बऱ्याचदा आपोआप पुढे येतं.

नावातही तेच आहे. हा शब्द टेलिफोनच्या तारांमधून आला. तार जितकी लांब, तितका आवाजातला वरचा, तीव्र भाग जास्त क्षीण होऊन पोचायचा. तो असमतोल घालवून वरचं-खालचं सारखं करणारं विद्युतमंडल ते इक्वलायझर. म्हणजे हे दुरुस्तीचं हत्यार म्हणून जन्माला आलं. त्याचा शृंगार आपण नंतर केला.

आता वाढवल्यानं बिघडतं काय, ते जरा आकड्यांत बघू. सीडीच्या दर्जाच्या १६ बिटच्या ध्वनीत प्रत्येक क्षणाची उंची एका आकड्यात लिहिलेली असते आणि वरच्या बाजूला तो आकडा ३२,७६७ च्या पुढे जाऊ शकत नाही. आजची बरीच गाणी या छताला डोकं टेकेल इतकी मोठी करूनच बाहेर पडतात. समजा डग्ग्यावरच्या एका थापेची उंची ३०,००० आहे आणि तुम्ही बासचा स्लायडर ६ डेसिबलनं वर नेला. डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप; ६ डेसिबल वाढ म्हणजे उंची दुप्पट. आता ६०,००० मावणार कुठे? लाटेचा माथा सपाट कापला जातो. तीच ती खरखर, तोच तो 'फुटलेला' आवाज, आणि दोष मात्र बिचाऱ्या हेडफोनवर जातो. काही फोनमध्ये लिमिटर असतो. तो माथा छाटत नाही, दाबतो. पण मग प्रत्येक थापेबरोबर गायकाचा आवाजही दबून पुन्हा वर येतो, आणि एकदा हे लक्षात आलं की ते विसरता येत नाही. म्हणून ज्या ॲपमध्ये 'प्रीॲम्प' नावाचा, सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारा वेगळा स्लायडर असेल, तिथे एक नियम पाळा: सर्वांत जास्त वाढवलेला पट्टा (एका स्लायडरच्या ताब्यातला आवाजाचा भाग) जितका वर, तितका प्रीॲम्प खाली. पट्टा अधिक ४ वर असेल तर प्रीॲम्प उणे ४.

दुसरं कारण आपल्या कानातलंच आहे. मोठा खालचा स्वर त्याच्या वरच्या बारीक स्वरांना झाकून टाकतो. उलटं तितकंसं होत नाही; बारीक स्वर खालच्याला सहसा झाकत नाही. म्हणजे बास वाढवला की फक्त बास वाढत नाही, त्याच्या सावलीत वरचं बरंच काही जातं. म्हणूनच गायकाचा आवाज स्पष्ट हवा असेल तर आधी त्याला उचलू नका. त्याच्यावर बसलेलं ओझं उतरवा.

आता कंपनांचा नकाशा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळी पट्टीला सा धरून, गाणारा पुरुष गायक धरा. त्याचा मध्य सप्तकातला सा साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनं, मंद्र सा त्याच्या निम्मा, ६९, आणि तार सा दुप्पट, २७७. म्हणजे गाण्याचे मूळ स्वर आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच खाली असतात. मग वरच्या हजारो हर्ट्झमध्ये असतं काय? स्वरांश असतात, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर, ज्यांच्यामुळे सारंगी सारंगी वाटते आणि बासरी बासरी. आणि व्यंजनं असतात. 'स'चा शिसकारा ५,००० च्या वर चालतो, 'श' त्याच्या जरा खाली. शब्द कळतात ते मुख्यतः या व्यंजनांमुळे.

अनेक अँड्रॉइड फोनवर पाच स्लायडर दिसतील: ६०, २३०, ९१०, ३,६०० आणि १४,००० हर्ट्झ. आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. तुमच्या ओळखीचं, शेकडो वेळा ऐकलेलं एक ध्वनिमुद्रण घ्या. एक आवाज, पेटी, तबला आणि मागे तंबोरा, एवढं पुरे. सगळे स्लायडर शून्यावर आणा. आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा, कारण आता आपण थोडा वेळ मुद्दाम वाढवणार आहोत. २३० चा स्लायडर ६ पर्यंत वर न्या. गायक माठात तोंड घालून गातोय असं वाटेल. हा घुमट आवाज ओळखून ठेवा आणि स्लायडर परत शून्यावर आणा. मग ९१० वर न्या. आवाज नाकातून आल्यासारखा होईल. मग ३,६००, पेटी टोचू लागेल, 'ट' आणि 'क' कानावर टिचक्या मारतील. १४,००० वर झांजांची सळसळ असते. वय वाढतं तसं वरचं ऐकू येणं कमी होत जातं, त्यामुळे हा स्लायडर हलवून काहीच फरक जाणवला नाही तर घाबरू नका. आणि जाणवावा म्हणून तो शेवटपर्यंत ढकलूही नका.

या फेरीत एका ठिकाणी तुम्हाला वाटेल, 'हेच! हेच मला एरवीही खुपतं.' तो पट्टा शून्याच्या खाली ३ वर ठेवा आणि दहा मिनिटं गाणं ऐका. स्लायडरकडे बघत बसू नका, गाणं ऐका. बहुतेक हेडफोनना एवढ्या एका बदलाची गरज असते. फार तर दोन.

ताडून बघताना एक काळजी घ्या. कानाला किंचित मोठा आवाज नेहमीच 'चांगला' वाटतो. फरक एखाद्या डेसिबलचा असला तर तो मोठा झालाय हे कळतही नाही, फक्त आवडतो. त्यामुळे पट्टे खाली घेतल्यावर इक्वलायझर चालू-बंद करून पाहिलात, तर बंद असतानाच बरं वाटणार. चालू केल्यावर व्हॉल्यूम थोडा वाढवा, दोन्हीकडे आवाज सारखा करा आणि मग ठरवा. हे न केल्यामुळे कितीतरी लोक चांगलं सेटिंग पुसून पुन्हा झोळीकडे जातात.

आता जे खरं म्हणजे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. कानात जाणारे इअरफोन वापरत असाल तर गाणं चालू ठेवून दोन्ही इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास एकदम भरून आला? मग तुमचं काम इक्वलायझरचं नाही, रबरी टोपीचं आहे. फट राहिली की खालचे स्वर तिथून निसटतात. ६० चा स्लायडर कितीही चढवा, गळक्या घागरीत पाणी ओतल्यासारखं होईल. सोबत आलेल्या टोप्यांतली मोठी किंवा लहान लावून बघा. दोन्ही कानांना वेगळ्या मापाची लागली तरी लाजू नका. दोन कान अगदी सारखे नसतातच.

आणि म्हणूनच मित्राचं सेटिंग जसंच्या तसं उचलू नका. बाहेरून पडद्यापर्यंतची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला बंद असलेल्या कुठल्याही नळीसारखी तीही घुमते, ३,००० हर्ट्झच्या आसपास. तान्ह्या मुलाचं रडणं आपल्याला इतकं आरपार जातं, त्यात या घुमण्याचाही हात आहे. इअरफोन आत घातला की नळीचं तोंड बंद होतं आणि हे घुमणं सरकतं, किती ते तुमच्या नळीवर अवलंबून. त्यामुळे एकाला मऊ वाटणारा इअरफोन दुसऱ्याला बोचू शकतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तयार सेटिंग्जबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 'रॉक', 'पॉप', 'जॅझ' ही वाटणीच मला पटत नाही. ही नावं गाण्यांची आहेत, आणि दोष असतो हेडफोनमध्ये. जो हेडफोन २३० ला घुमतो तो ख्यालातही घुमतो आणि बातम्यांतही. सुधारणा हेडफोनप्रमाणे हवी. यासाठी ऑटोइक्यू नावाचा एक खुला प्रकल्प आहे. त्यात हजारो हेडफोनची मोजमापं घेऊन प्रत्येकासाठी दुरुस्तीची वक्ररेषा काढलेली आहे, आणि अँड्रॉइडवरचं वेव्हलेट हे ॲप तीच वापरतं. सुरुवातीला हे उत्तम. पण मोजमाप कृत्रिम कानात घेतलेलं असतं, तेव्हा शेवटचा डेसिबल-दोन डेसिबलचा हात तुमचा तुम्हीच फिरवायचा.

सेटिंग कुठे सापडतं, तेही सांगतो. सॅमसंगच्या फोनवर आवाजाच्या सेटिंग्जमध्ये 'साउंड क्वालिटी अँड इफेक्ट्स' आहे, त्यात इक्वलायझर मिळेल. आयफोनवर म्युझिक ॲपच्या सेटिंग्जमधला 'ईक्यू' तयार यादीतूनच निवडावा लागतो आणि तो त्या ॲपपुरताच चालतो. स्पॉटिफायचा स्वतःचा वेगळा आहे. शिवाय बऱ्याच ब्लूटूथ इअरफोनच्या ॲपमध्येही एक इक्वलायझर असतो आणि तो इअरफोनच्या आतच काम करतो. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी चालू राहिले तर सगळ्यांची बेरीज होते. एक ठेवा, बाकीचे बंद करा. इअरफोनच्या आतला चांगला असेल तर तोच ठेवा, कारण फोन बदलला तरी तो सोबत येतो.

व्हॉल्यूमचा आणि बासचा संबंध समजून घ्यायला आपल्याला १९३३ सालात जावं लागेल. बेल लॅबोरेटरीज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी त्या वर्षी दाखवलं, की आवाज हळू असताना आपला कान खालच्या स्वरांना फार मंद होतो, आणि आवाज मोठा होत जातो तशी ही तफावत कमी होते. म्हणून रात्री हळू ऐकताना गाणं पातळ वाटतं. तिथे ६० चा स्लायडर ३-४ ने वर नेणं मला मान्य आहे. वजाबाकीच्या नियमाला हा माझा एक अपवाद, आणि हळू आवाजात छताला डोकं लागू नये म्हणून तोही प्रीॲम्प खाली घेऊनच. पण तेच सेटिंग दिवसा मोठ्या आवाजात वापरलंत तर डोकं जड होईल. दोन सेटिंग्ज वेगवेगळ्या नावांनी जपून ठेवा.

प्रवासातली गोष्ट निराळी. इंजिनाची घरघर मुख्यतः खालच्या स्वरांत असते आणि ती गाण्याचा बास गिळते. आपण बास वाढवतो, मग गायक हरवतो, मग व्हॉल्यूम वाढवतो. हे चक्र धोक्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० ला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. अशा वेळी कान नीट बंद करणारी टोपी किंवा नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे हेडफोनमधली बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय, वापरा. तेही याच खालच्या घरघरीवर सगळ्यात चांगलं चालतं. बाहेरचा गोंगाट कमी करणं हीदेखील वजाबाकीच.

घरात कमी ऐकू येणारं कुणी वडीलधारं असेल तर त्यांच्यासाठी थोडा वेळ काढा. त्यांना 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' असा त्रास असतो. २३० थोडा खाली, ३,६०० किंचित वर, प्रीॲम्प तेवढाच खाली, आणि भाषण लावून त्यांनाच विचारत बसा. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'हेडफोन अकॉमोडेशन्स' आहे. कानाच्या तपासणीचा आलेख त्याला देता येतो आणि त्याप्रमाणे तो आवाज घडवतो. श्रवणयंत्राची जागा तो घेत नाही, तपासणी टाळण्यासाठी वापरूही नये. पण एखादं कीर्तन पुन्हा शब्दांसकट ऐकू येणं ही लहान गोष्ट नव्हे.

आता हेडफोन घाला. मी नुसता तंबोरा लावतोय, काळी एकमध्ये, चार तारांचा. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची चौथी तार ६९ हर्ट्झवर आहे. कुठल्याही तारेवर गंधार लावलेला नाही. पण खर्जाच्या स्वरांशांतला पाचवा, ३४७ हर्ट्झच्या आसपास, हा गंधारच आहे आणि जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी झणकार, चांगली असेल तर तो तरंगत वर येतो. तुमची झोळी तशीच ठेवून एक मिनिट ऐका. मग ६० चा स्लायडर शून्यावर आणा, मधले शून्यावर आणा, आवाज आधीइतका करा आणि चौथी तार छेडली गेल्यावर काय उगवतं तिकडे लक्ष द्या. मी थांबतो.