खूण आणि खेचर

मागच्या रांगांना ऐकू येतंय ना? बरं. 'रोजच्या जगण्यात ईश्वरी मार्गदर्शन कसं ओळखावं' असा आजचा विषय आहे. देव आहे की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. इथवर आलेल्यांपैकी बहुतेकांनी तो आपल्यापुरता मिटवलेला असणार.

माझी एक जुनी तक्रार आहे, ती आधी सांगून टाकतो. 'मला देवानेच खूण दाखवली' असं सांगणारी माणसं मला पुष्कळ भेटतात. आणि गंमत अशी, की ती खूण त्यांच्या मनात जे असतं नेमकं तेच सांगत असते. नोकरी सोडायची होती, खूण मिळाली: सोड. भावाशी अबोला धरायचा होता, खूण मिळाली: धर. 'ऊठ, भावाकडे जा, चूक तुझी होती' अशी खूण मिळाल्याचं अजून कोणी मला आपणहून सांगितलेलं नाही. देव इतका होयबा असेल असं मला वाटत नाही. (हशा) हसताय ते ठीक, पण शेजाऱ्याकडे बघून हसू नका.

यावर मला एक गोष्ट फार आवडते. ज्यांनी ती आधी माझ्याकडून ऐकली आहे त्यांनी सोसावी. इग्नेशियस लोयोला, पुढे ज्याने जेझुइट हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ स्थापला तो. तरुणपणी हा अगदी छैलछबिला सरदार होता. 1521 साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड जुळलं, पण वाकडं, गुडघ्याखाली टेंगूळ दिसू लागलं. चापूनचोपून बसणारे बूट घालता येणार नाहीत म्हणून या पठ्ठ्याने ते हाड कापून घेतलं! भूल द्यायची सोय नसलेला काळ तो. असो. सांगायचं ते पुढेच आहे.

अंथरुणात पडल्या पडल्या येशूचं आणि संतांचं चरित्र वाचून त्याचं मन पालटलं. बरा झाल्यावर, 1522 मध्ये, तो खेचरावर बसून मोन्सेरातच्या तीर्थाला निघाला. वाटेत एक मूर, म्हणजे मुसलमान प्रवासी, सोबतीला आला. बोलता बोलता मेरीचा विषय निघाला. येशूचा गर्भ राहिला तेव्हा ती कुमारी होती हे एक वेळ मानेन, पण प्रसूतीनंतरही कुमारीच राहिली हे काही पटत नाही, असं तो म्हणाला आणि झपाट्याने पुढे निघून गेला. आता इग्नेशियसची तगमग सुरू झाली. मेरीचा अपमान झाला, आपण गप्प बसलो, गाठून खंजीर खुपसावा का? विचार करून करून थकला. शेवटी ठरवलं की निर्णय खेचराने घ्यावा. पुढे फाटा होता. खेचर मूर गेला त्या गावाकडे वळलं तर भोसकायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडून द्यायचं. त्याने लगाम सैल सोडला. गाव जेमतेम तीस-चाळीस पावलांवर, तिकडे जाणारी वाट रुंद आणि चांगली. खेचर हमरस्त्याने गेलं.

एका माणसाचा जीव वाचला, आणि एक भावी संत खुनी व्हायचा राहिला. आपले भाविक इथे हात जोडतील: पाहा, देवाने खेचराच्या तोंडून सांगितलं! पण म्हातारपणी इग्नेशियसने ही हकीकत स्वतःच सांगितली, ती कशासाठी? तेव्हा आपला जीव किती आंधळा होता, विवेक कशाला म्हणतात हे आपल्याला कसं ठाऊक नव्हतं, हे दाखवण्यासाठी. खेचर बरोबर होतं. विचारणाऱ्याची रीत चुकली होती. भोसकावं का, हा प्रश्न खेचरावर सोपवावा लागतो, इथेच सगळं बिघडलं. मला तर त्या मूराचं राहून राहून वाटतं. आपलं मरण फाट्यावर टळलं, हे त्याला बहुधा कधी कळलंच नसेल.

चिठ्ठी आली. वेळ संपत आलाय, आणि मूळ विषय अजून तसाच आहे. भरभर सांगतो.

ओळखायचं कसं? अंथरुणावर असताना इग्नेशियसच्या एक गोष्ट लक्षात आली होती. शौर्याची, सुंदर स्त्रियांची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं असं मनात आलं की विचार संपल्यावरही आनंद टिकायचा. म्हणजे विचार चालू असताना काय वाटतं ते सोडा, तो गेल्यावर मागे काय उरतं ते बघा. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो, आणि आपली घाई तिथेच नडते.

दुसरं, सॉक्रेटिस. त्याला लहानपणापासून एक दैवी आवाज ऐकू यायचा, पण प्लेटो सांगतो की तो 'कर' असं कधीच म्हणायचा नाही, फक्त अडवायचा. इ.स.पू. 399 मध्ये खटल्याच्या दिवशी त्याने अडवलं नाही, म्हणून सॉक्रेटिसने ओळखलं की पुढे येणारं मरण वाईट नसणार. गप्प राहण्याचाही अर्थ लागावा, इतकी त्या आवाजाशी जन्माची ओळख होती.

'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता' हे तुकोबांचं वचन हट्टाला ढाल म्हणून वापरणारे बरेच आहेत. पण साक्षीदार आधी खरं बोलणारा हवा ना! म्हणून क्वेकर या ख्रिस्ती पंथात एक चांगली चाल आहे. पेचात पडलेल्या माणसाभोवती चार जण बसतात, सल्ला देत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. आपलीच पळवाट आपल्या तोंडून बाहेर पडते.

एवढं करूनही खात्री मिळत नाही. 1933 च्या उपवासाआधी आतला आवाज ऐकू आला असं गांधीजींनी लिहिलं, तेव्हा संशयी माणसाला पटवायला आपल्याकडे पुरावा नाही हेही कबूल केलं. श्रद्धा लागते ती इथे, सगळं तपासून झाल्यावर. तपासण्याऐवजी नव्हे.

रात्री झोपण्याआधी दिवस तासातासाने मागे जाऊन बघा: कुठे अडलो, कुठे ओढलो गेलो, कोणामुळे वाचलो. इग्नेशियस हे दिवसातून दोनदा करायला सांगे. आपण एकदा तरी करू. आता प्रश्न घेतो. 'मुलाला कुठल्या शाखेला घालू' हा सोडून काहीही विचारा.