पनीरचं पाणी गटारात ओतू नका, बॅक्टेरियाला जेवायला घाला!

काय मंडळी, बरं हाय न्हवं? ही बाटली बघा, हिरवट पिवळं पाणी दिसतंय ना, हे पनीर काढल्यावर उरलेलं पाणी. व्हे म्हणतात याला. आमच्या भागातला एक डेअरीवाला हे कॅनच्या कॅन गटारात ओततो आणि कोल्हापुरात गटार शेवटी कुठं जातं ते तुम्हाला माहितीच आहे. पंचगंगेत. आता तुम्ही म्हणाल दुधाचंच तर पाणी, त्यानं काय होतंय. लई होतंय. यात साडेचार-पाच टक्के दुधातली साखर, लॅक्टोज, तशीच राहिलेली असते, ती नदीतले बॅक्टेरिया खातात आणि खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. याला मोजमाप आहे, बीओडी. घरच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला 200-300 मिलिग्रॅम, आणि व्हेचा 30,000 ते 50,000. मासे मरणार नाहीत तर काय.

पण आता हेच उलटं करून बघा. बॅक्टेरिया यावर एवढे माजतात, तर आपल्याला पाहिजे तोच बॅक्टेरिया यावर वाढवला तर?

लॅबमध्ये बॅक्टेरियाला जे खायला देतात त्याला मीडिया म्हणतात. सगळ्यात साधा मीडिया म्हणजे न्यूट्रियंट ब्रॉथ, लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम पेप्टोन आणि 3 ग्रॅम मांसाचा अर्क. म्हणजे आपलं मटणाचं आळणी सूपच की! तांबड्याच्या आधी वाटीत येतं ते. आणि पेप्टोन म्हणजे काय, तर प्रोटीन कापून बारीक केलेलं. बॅक्टेरियाला तोंड नाही, पोट नाही, आख्खं प्रोटीन त्याच्या आत जात नाही, तुकडे करूनच द्यावे लागतात. मटण शिजत नसलं की आई कच्ची पपई लावते बघा, त्यातलं पपेन हेच काम करतं. खाटकाकडचं रक्त, कोंबडीची आतडी, माशांची डोकी, यांना असलं एन्झाइम लावून तुकडे केले की झालं पेप्टोन. ॲसिडनं पण तुटतं, पटकन तुटतं, पण ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो ॲसिड त्यात जळून जातं आणि नंतर ॲसिड मारायला सोडा टाकला की मीठ साठतं. म्हणून मला एन्झाइमवालं बरं वाटतं, वेळ लागू दे.

ही आयडिया माझी नाही बरं का. 1941 साली अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी लॅबमध्ये पेनिसिलीन जास्त कसं काढायचं यावर काम चाललं होतं, तिथं मक्याचा स्टार्च काढताना उरणारं घट्ट पाणी, कॉर्न स्टीप लिकर, मीडियात घातलं आणि उत्पादन कितीतरी पटीनं वाढलं. पेनिसिलीन बुरशीपासून मिळतं, बॅक्टेरियापासून नाही, पण भूक सगळ्यांची सारखीच.

मग आपल्याकडं काय आहे? मळी. साखर कारखान्यातली म्हणतोय मी, साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा घट्ट पाक, गुऱ्हाळात काहिलीवरून काढतात ती नव्हे. एक टन उसामागं साधारण 40-45 किलो मळी निघते आणि त्यात जवळजवळ निम्मी साखर. पण घट्ट मळीत बॅक्टेरिया टाकला तर वाढत नाही, काकवी वर्षभर खराब होत नाही ना, तेच कारण, साखर त्याच्यातलं पाणी ओढून घेते. पाणी घालून पातळ करावी लागते. आणि दुसरी गोम म्हणजे नायट्रोजन. बॅक्टेरियाला साधारण दहा भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन लागतो, मळीत नुसता कार्बनच कार्बन. आता शेतात घालायचं शेण-गोमूत्राचं जीवामृत आठवा, 200 लिटर पाण्यात दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन, बेसन कशाला? नायट्रोजनला! आपल्या शेतकऱ्याच्या बॅरलमध्ये मीडियाच चाललेला असतो, फक्त त्यात कुठले बॅक्टेरिया वाढतात यावर कंट्रोल नसतो.

जैविक खतातला ॲझोटोबॅक्टर नावाचा बॅक्टेरिया मात्र शहाणा, हवेतून नायट्रोजन घेतो. त्याला पातळ मळी, थोडं फॉस्फेट, चिमूटभर मॉलिब्डेनम आणि भरपूर हवा एवढं दिलं की चाललं. म्हणून वाया गेलेला माल बघून बॅक्टेरिया निवडायचा. व्हेचंही तसंच, दह्यातल्या बॅक्टेरियाला लॅक्टोज चालतं, पण खूप बॅक्टेरियांना ते पचतच नाही, त्यांच्यासाठी लॅक्टेज नावाच्या एन्झाइमनं आधी फोडावं लागतं.

आता माझी फजिती सांगतो. व्हे आंबट होतं म्हणून मी खायचा सोडा टाकला आणि निर्जंतुक करायला कुकरला लावलं, 121 डिग्री पाहिजे आणि कुकर 15 पौंड प्रेशरला तिथंपर्यंत जातो. थंड झाल्यावर बघतोय तर गढूळ! मी खूश, म्हटलं वाढ झाली, मग लक्षात आलं की अजून बॅक्टेरिया टाकलेलाच नाही. तो कॅल्शियम फॉस्फेटचा साका होता. आंबटपणा मोडून तापवलं की व्हेमधून तो बाहेर पडतो, आधीच गाळून घ्यायला पाहिजे होता.

आणि खरी डोकेदुखी ही की आजची मळी आणि पुढच्या महिन्याची मळी सारखी नसते. जैविक खताला थोडं इकडंतिकडं चालतं, पण दवाखान्याच्या लॅबमध्ये पेशंटचा रिपोर्ट काढायला असला मीडिया मी तरी वापरू देणार नाही. आणि घरी कोण करून बघणार असाल तर त्यात काय वाढलंय ते आपल्याला कळत नसतं, वास घ्यायला झाकण उघडू नका, बाटली तशीच परत कुकरला लावा आणि मग ओता. आणि तो कुकर परत भाताला वापरू नका, आमच्याकडं त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं.