फळा घेऊन राजकारणात आलेला माणूस

नमस्कार मंडळी. दरवर्षी मेळाव्यात आपण आपल्याकडच्या थोर माणसांबद्दल बोलतो, यंदा मी समितीला म्हटलं की मला इथल्या एका माणसाबद्दल बोलू द्या, कारण कॅनडातल्या या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतातच आपण घरं घेतली, इथेच टॅक्स भरतो. माणूस म्हणजे रने लेवेक, क्यूबेकचे एकेकाळचे मुख्यमंत्री. मॉन्ट्रियल डाउनटाउनमधल्या त्या मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे एवढं आपल्याला माहीत असतं, आणि बिल 101, म्हणजे फ्रेंच सक्तीचा कायदा, त्यांच्या सरकारने आणलं म्हणून मनात थोडा रागही असतो. पण हा गृहस्थ मुळात रेडिओ-टीव्हीवाला, आणि त्यांचं राजकारण कळायचं असेल तर आधी त्यांचा टीव्ही कळायला हवा असं माझं ठाम मत आहे.

जन्म 1922 चा. लहानपण गास्पे भागात, न्यू कार्लाइल नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात. गावावर वरचष्मा इंग्रजी बोलणाऱ्यांचा, त्यामुळे दोन्ही भाषा लहानपणापासून तोंडात बसलेल्या. चौदाव्या वर्षी वडील गेले. शाळकरी वयातच गावच्या रेडिओ स्टेशनवर काम करायला लागले, पुढे लॉ कॉलेजात गेले पण डिग्री अर्धवट सोडली आणि 1944 मध्ये अमेरिकन सैन्याबरोबर वार्ताहर म्हणून युरोपात. डाखाऊची छळछावणी मुक्त झाल्यावर आत गेलेल्या सुरुवातीच्या पत्रकारांत ते होते. वय 22. स्वतः राष्ट्रवादी नेता होऊनसुद्धा द्वेषाच्या भाषेला हा माणूस शेवटपर्यंत बिचकून होता, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

मग 1956 साली रेडिओ-कॅनडाच्या, म्हणजे इथल्या सरकारी फ्रेंच वाहिनीच्या टीव्हीवर त्यांचा 'प्वँ द मीर' हा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती बघा, तेच साल. सेट म्हणजे काय, तर एक फळा, नकाशे, हातात खडू नाहीतर काठी, बोटांत सिगरेट. बुटकेसे, केस विरळ, आवाज घोगरा, टीव्हीला शोभेल असं त्यांच्यात काहीही नाही. पण सुएझचा कालवा कुठे आहे, तो कुणाचा, इजिप्तने ताब्यात घेतला तर लंडन-पॅरिसला इतकं का झोंबलं, हे सगळं ते असं सांगायचे की लाकूडतोड करणारा, दुकानात काम करणारी, सगळ्यांना ते कळायचं, आणि कुठेही 'तुम्हाला काय कळणार' हा सूर नाही. बघणारा माणूस हुशार आहे, त्याला फक्त कुणी नीट सांगितलेलं नाही, हे धरूनच ते बोलायचे. मला या माणसाबद्दल प्रेम वाटतं ते यासाठी.

डिसेंबर 1958 मध्ये रेडिओ-कॅनडाच्या मॉन्ट्रियलमधल्या प्रोड्यूसर लोकांनी संप केला, तो दोन महिन्यांच्या वर चालला, लेवेक संपकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले आणि एकदा अटकही झाली. फ्रेंच टीव्ही इतके दिवस बंद असून ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, त्याचं काहीच वाटत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं. 1959 मध्ये कार्यक्रम संपला आणि 1960 ला ते लिबरल पक्षाकडून अवघ्या 129 मतांनी निवडून आले.

मंत्री झाल्यावर त्यांनी वीज हातात घेतली. हायड्रो-क्यूबेक ही सरकारी वीज कंपनी तेव्हा होती, पण बराचसा प्रांत खासगी कंपन्यांकडे, गावागणिक दर वेगळे, गास्पेसारख्या लांबच्या भागात महाग, आबितिबी भागात तर वीजच सेकंदाला 25 सायकल्सची आणि बाकीकडे 60 ची. वर त्या कंपन्यांत वरच्या जागांवर कारभार इंग्रजीत. लेवेक पुन्हा नकाशे घेऊन गावोगाव आणि टीव्हीवर उभे राहिले आणि आकड्यांसकट समजावत सुटले. सरकारने याच मुद्द्यावर नोव्हेंबर 1962 ची निवडणूक लढवली, घोषणा होती की आपल्या घरचे मालक आपणच, जिंकले, आणि 1963 मध्ये 11 कंपन्या विकत घेतल्या, बिल साधारण 60 कोटी डॉलर. आपलं एमएसईबीसुद्धा 1960 चंच, त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीला हे सगळं ओळखीचं वाटलं असतं. फ्रेंच बोलणारे इथलेच इंजिनियर स्वतःच्या भाषेत धरणं बांधायला लागले. भाषेचा मान नोकरीतून येतो हे त्यांनी करून दाखवलं, नुसतं भाषण ठोकलं नाही.

पुढचं भराभर सांगते. 1967 ला लिबरल सोडले, 1968 ला क्यूबेक वेगळा देश व्हावा म्हणणारी पार्ती केबेक्वा काढली, 1970 आणि 1973 ला पक्ष तर हरलाच, ते स्वतःही पडले, पेपरात कॉलम लिहून दिवस काढले, आणि 15 नोव्हेंबर 1976 ला 110 पैकी 71 जागा घेऊन थेट प्रीमियर, म्हणजे आपला मुख्यमंत्री.

1977 चे दोन कायदे. एक आपण सगळे जाणतो, तोच बिल 101, मुलांना फ्रेंच शाळेत घालायचा. भाषेसाठी कायदा करावा लागतो हेच खुद्द लेवेकना बोचायचं, ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. दुसरा पक्षनिधीचा: कंपन्या नाहीत, युनियन नाहीत, देणगी फक्त मतदार देणार आणि तीही वर्षाला 3000 डॉलरच्या आत. या कायद्याचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता आणि माझ्या मते तो रास्तच होता.

क्यूबेक वेगळं व्हावं हे मला स्वतःला पटत नाही, हे इथे स्पष्ट सांगते. 20 मे 1980 च्या सार्वमतात जवळजवळ 60 टक्के लोकांनाही पटलं नाही. त्या रात्री स्टेजवर लेवेक आले, समोर लोक रडतायत, आणि त्यांनी निकाल मान्य केला, पुढच्या वेळी बघू म्हणाले, ओटावाच्या प्रचारावर टीका केली, पण कुठल्या समाजावर खापर फोडलं नाही. 1995 मध्ये ते हयात नव्हते, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या प्रीमियरने हरल्यावर पैसा आणि बाहेरून आलेल्यांची मतं, असं बोलून दाखवलं होतं, आणि ते आपल्यासारख्यांना किती लागलं हे जुन्या मंडळींना विचारा. लेवेकना मात्र ज्या लोकांनी 1980 ला नाही म्हटलं त्यांनीच 1981 ला 80 जागा देऊन परत निवडून दिलं. पुढे मंदीत त्यांनी सरकारी नोकरांचे पगार कापले, स्वतःचेच शिक्षक मतदार दुखावले, 1985 ला पायउतार झाले आणि 1987 मध्ये हार्ट ॲटॅकने गेले.

त्यांच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमांचे तुकडे रेडिओ-कॅनडाने जपून ठेवलेत. घरातल्या पोरांना फ्रेंच आपल्यापेक्षा चांगलं येतं, एखाद्या रविवारी त्यांना शेजारी बसवा, लेवेक काय म्हणतायत ते त्यांच्याकडून समजून घ्या, आणि पुढच्या मेळाव्याला त्यांच्यापैकीच कुणीतरी इथे उभं राहून बोलावं अशी माझी समितीला विनंती आहे.