एकशे वीस मिलिमीटरवरचा गंधार

(इंदूरच्या एका गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी ही पेटी हातोहात फिरू द्या. सुक्या मेव्याची आहे, इथल्या सियागंज बाजारातून आणलेली. अशाच पेटीचं मी एक तारवाद्य केलं आहे. अमेरिकेत तिच्या जागी सिगारची पेटी असते, म्हणून वाद्याचं नाव सिगार बॉक्स गिटार. तिथे १८६०च्या दशकात कराच्या कायद्याने सिगार ठरावीक संख्येच्या पेट्यांतून विकणं बंधनकारक झालं आणि पातळ लाकडाच्या रिकाम्या पेट्या घरोघरी साठल्या. वाद्य विकत घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्या त्या कामी आल्या. कार्ल पर्किन्स या अमेरिकन रॉक-अँड-रोल गायकाला त्याच्या वडिलांनी पहिली गिटार करून दिली ती सिगारची पेटी आणि झाडूचा दांडा जोडून.

बांधणी अवघड नाही. दांडी पेटीतून आरपार जाते, म्हणजे तारांचा ताण दांडीवर येतो, पेटीवर नाही. मात्र झाकणाखाली दांडी तीनेक मिलिमीटर तासून घ्या. माझ्या पहिल्या वाद्यात मी ती झाकणाला सबंध चिकटवली होती. आवाज पार बसला, कारण झाकण थरथरेल तेव्हाच पेटी बोलते. घोडी, म्हणजे पेटीवर तारा जिच्यावर टेकतात ती, म्हणून जाडसा बोल्ट चालतो. खुंट्या जुन्या गिटारच्या लावा.

आता तारा. गिटारच्या पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारा घ्यायच्या. पाचवी थोडी उतरवली की हार्मोनियमच्या पांढरी पाच पट्टीत खर्जाचा सा, प आणि वरचा सा मिळतो. तिकडे याला ‘ओपन जी’ म्हणतात. तंबोरा ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला हे मेळवणं शिकवावं लागत नाही. माळव्यातले कबीरपंथी भजनी एका हाताने पाचतारी तंबुरा छेडतात आणि दुसऱ्या हाताने करताल वाजवतात. त्यांच्यात बसून या तीन तारा वाजवल्या, तर कुणालाच परक्या वाटणार नाहीत.

पण पडद्यांपाशी, म्हणजे दांडीवर स्वरांच्या जागा पक्क्या करणाऱ्या आडव्या पट्ट्यांपाशी, मी अडलो, आणि आजचं बोलणं खरं तर त्यासाठीच आहे. गिटारच्या हिशेबात तारेची उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागत जायचं आणि येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा बसवायचा. माझी तार ६०० मिलिमीटरची. खुंट्यांकडच्या टोकापासून मोजलं, तर या हिशेबाने बारावा पडदा, म्हणजे वरचा सा, बरोबर ३०० वर येतो आणि पंचम जवळजवळ २०० वर, तिथपर्यंत तक्रार नाही. शुद्ध गंधार मात्र १२३.८ वर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार धरायचा, तर तारेचा पाचवा भाग सोडावा लागतो, म्हणजे १२० वर बोट हवं. फरक जेमतेम चार मिलिमीटर. पियानो आणि हार्मोनियम ऐकून सरावलेला माणूस म्हणेल, एवढ्याने काय होतं? सा-प गुंजत असताना दोन्ही गंधार पाठोपाठ वाजवून बघा. १२३.८ वरचा चढा लागतो, टोचतो. १२० वरचा त्या गुंजनात विरघळून जातो.

म्हणून या वाद्याला मी पडदे ठोकले नाहीत. पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि हा स्टीलच्या नळीचा तुकडा तारेवर सरकवतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, तीही त्यातूनच निघते. खुणा पट्टीने केल्या, पण गंधाराची खूण दोनदा खोडून कानाने केली. तुम्हीही तशीच करा, माझा आकडा उतरवून घेऊ नका. तुमची घोडी केसभर पुढेमागे असेल.

आता पंखे जरा बंद करा. मी फक्त मोकळ्या तारा छेडतो, नळी टेबलावर ठेवली आहे. गंधार ऐकू आला की हात वर करा.