घरी सातबारा नाही? मग काय झालं!

नमस्कार मंडळी. आज मला खास करून नववी ते बारावीतल्या मुलामुलींशी बोलायचंय आणि त्यांच्या आईबाबांशी पण, जे आत्ता भाजी निवडता निवडता ऐकत असतील. विषय आहे शेतीचं शिक्षण. मुंबईत बसून शेतीचं काय सांगतेस बाई, असं वाटणार तुम्हाला, कारण मी स्वतः भांडुपची, चाळीत वाढलेली, बाबा गिरणीत होते, 1982 च्या संपात काम गेलं ते गेलंच, आणि बारावीनंतर मी बीएस्सी अ‍ॅग्रीला जाते म्हटलं तेव्हा आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, घरी सातबारा तरी आहे का गं? नव्हता, आणि मी गप खाली बसले. तो प्रश्न आजही मुंबईतली पोरं स्वतःलाच विचारतात आणि फॉर्म भरतच नाहीत, म्हणून आज बोलतेय.

आधी सरळ सांगते, या डिग्रीला जमीन लागत नाही. लागते ती बारावी सायन्स, फिजिक्स केमिस्ट्री आणि सोबत मॅथ्स किंवा बायो, दोन्हीपैकी एक असलं तरी चालतं. एमएचटी-सीईटी द्यायची, तीच जी इंजिनिअरिंग आणि फार्मसीवाले देतात. डिग्री चार वर्षांची. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि आपल्या कोकणातलं दापोली, जे 1972 ला सुरू झालं. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर सीयूईटी, म्हणजे देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, ती पण द्या, देशभरातल्या कृषी विद्यापीठांमधल्या काही जागा त्यातून भरतात. आणि फक्त अ‍ॅग्रीच नाही हं, हॉर्टिकल्चर आहे, फॉरेस्ट्री आहे, मशीनची आवड असेल तर अ‍ॅग्री इंजिनिअरिंगचं बीटेक आहे, फूड टेक्नॉलॉजी आहे. दहावीनंतर लगेच काही करायचं असेल तर कृषी तंत्र विद्यालयात मराठीतून दोन वर्षांची पदविका पण करता येते.

मी दापोलीला गेले. पहिल्या वर्षी मला भात आणि नाचणीचं रोप वेगळं ओळखता येत नव्हतं, रत्नागिरी-सिंधुदुर्गची पोरं हसायची, पण तीच पोरं रात्री हॉस्टेलला बसून मला शिकवायची. खरं शिक्षण झालं ते सातव्या सेमिस्टरला, तेव्हा तुम्हाला एका गावात राहायला पाठवतात, ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात त्याला, पेपरात बघा 'कृषिदूत', 'कृषिकन्यांनी दिली माहिती' अशा बातम्या येतात ना, तेच. आम्हाला एका काकींच्या अंगणात बीजप्रक्रिया दाखवायची होती. म्हणजे काय, तर 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात भाताचं बियाणं ओतायचं. काकी म्हणाल्या आम्ही सुपात पाखडून घेतलंय, यात आता काय निघणार. ओतलं, आणि बघता बघता पाण्यावर ओंजळ-दोन ओंजळ फोल दाणे तरंगायला लागले, वरून एकदम भरलेले दिसणारे. ते काढून टाकले, तळाचं बियाणं दोनतीनदा साध्या पाण्याने धुतलं आणि सावलीत पसरलं. काकी काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि उरलेलं सगळं बियाणं घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, ह्येपण घाल गो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी उपयोगाचं शिकतोय. किलोभर मीठसुद्धा लागलं नव्हतं त्याला!

आता मुंबईचं बोलूया, कारण बऱ्याच जणांना माहीतच नसतं की शेतीतल्या किती मोठ्या संस्था आपल्या नाक्याच्या पलीकडे आहेत. माटुंग्याला कापूस संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, 1924 पासूनची, तिथे कापसाच्या धाग्याची लांबी, ताकद तपासण्यावर काम चालतं. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा म्हणाले, अगं आम्ही चिमटीत धरून बघायचो तेच हे. परळला, जिथे सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ना, तिथलं व्हेटर्नरी कॉलेज 1886 चं आहे. तिकडची अ‍ॅडमिशन मात्र नीटच्या मार्कांवर होते आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं जातात, हे आधीच डोक्यात ठेवा. आणि वर्सोव्याला, कोळीवाड्यापासून चालत जाल इतक्या जवळ, मत्स्य शिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, तिथे मास्टर्स आणि पीएचडी होते. फिशरीजची, म्हणजे मत्स्यशास्त्राची डिग्री आधी बाहेर करावी लागेल, जसं रत्नागिरीच्या शिरगावला, पण कोळीवाड्यातल्या एखाद्या पोरीने शिरगावला डिग्री करून परत वर्सोव्यात येऊन मास्टर्स करावं, हे बघायची मला फार इच्छा आहे, मासळी कधी, कुठे, कशी मिळते हे तिच्या घरात पिढ्यानपिढ्या माहीत आहे.

मी स्वतः आता वाशीला एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे जिथे फळं निवडून पॅक करतात तिथे, क्वालिटीचं काम बघते. मार्चपासून मे महिन्यापर्यंत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. हापूस झाडावरून चौदा आण्याला उतरवलेला असावा लागतो, म्हणजे पूर्ण तयार फळ सोळा आणे धरलं तर त्याच्या थोडं आधी, तेरा असला तर चव येत नाही, सोळाचा झाला तर प्रवासात टिकत नाही. बघायची एक सोपी पद्धत म्हणजे पाण्यात सोडायचा, तयार फळ बुडतं आणि कोवळं तरंगतं. पण साका मात्र असा कळत नाही. वरून सोन्यासारखं फळ, डाग नाही काही नाही, कापलं की आत पांढरट स्पंजासारखा गर, आणि एखाद्या बागायतदाराच्या पेटीत असं निघालं की त्याचा चेहरा बघवत नाही, कारण त्याने काहीच चुकीचं केलेलं नसतं. यावर दापोली विद्यापीठाने 1981 ला नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना नावाचा आंबा काढला, त्यात साका होत नाही. एका फळातल्या एका दोषासाठी माणसं किती वर्षं झाडांपाशी घालवतात, बघा.

नोकरीचं विचारणारच तुम्ही, विचारायलाच पाहिजे. बँकांमध्ये कृषी अधिकारी म्हणून आयबीपीएसची वेगळी परीक्षा असते. एमपीएससीची कृषी सेवा आहे. नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक, तिचं मुख्य ऑफिस तर बीकेसीतच आहे, त्यांची पण भरती होते. बाकी बियाणं कंपन्या, ठिबकवाले, खतवाले, कोल्ड स्टोरेज, एक्सपोर्ट. पण एक मनापासून सांगते, एमपीएससीच्या जागा कमी आणि पोरं खूप, त्यामुळे डिग्री झाल्यावर चारचार वर्षं पुण्यात रूम घेऊन फक्त अभ्यास करत बसू नका, एखादं काम धरा आणि सोबत अभ्यास करा. माझ्या बॅचची दोन हुशार मुलं यात फार थकली. आणि प्रायव्हेट कॉलेज घेताना नुसता गेट आणि बिल्डिंग बघू नका, कॉलेजकडे स्वतःची शेतजमीन किती, लॅबमध्ये मुलं हाताने काम करतात का, कोणत्या विद्यापीठाशी जोडलंय, हे सीनियर पोरांना विचारा, फी भरल्यावर नाही, आधी.

ज्यांना अजून खात्री वाटत नाही त्यांनी एकदा पहाटे वाशीच्या मार्केटला जाऊन या, भाजीच्या गाड्या उतरतात तेव्हा. नाहीतर कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, शाळेने पत्र दिलं की बघता येईल का असं विचारून बघा, सेंट्रल लाइनवरून सरळ कर्जत लोकल आहे.

आता कागदपत्रांचं. डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, जे जे लागू असेल ते बारावीच्या आधीच काढून ठेवा, रिझल्टनंतर सेतूमध्ये रांगा लागतात. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना मेरिटमध्ये जास्तीचे गुण, म्हणजे वेटेज मिळतं. आमच्याकडे खरंच काही नव्हतं आणि त्याशिवायही माझं काम झालं, पण तुमच्या आजोबांच्या नावावर गावाला चार गुंठे असतील आणि घरात कोणी कधी बोललंच नसेल असंही होऊ शकतं, मुंबईतल्या किती घरांमध्ये असं असतं. कोणाच्या नावचा सातबारा चालतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. उतारा आता ऑनलाइन पण निघतो, पण गट नंबर, म्हणजे त्या जमिनीचा नंबर, माहीत पाहिजे, आणि तो बहुतेक गावच्या काकांनाच माहीत असतो. तेव्हा आज रात्री जेवल्यावर त्यांना एक फोन लावा.