व्यसनमुक्त माणसाने घरीच का बसायचं?

[दृश्य: जुन्या हॉटेलची लॉबी. एका बाजूला बारचं दार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन.]

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालतोय. ज्या व्यवहारासाठी तो इथवर आला, तो फिसकटलाय. बरोबरचे लोक निघून गेलेत. खिशात पैसे बेताचेच, शहरात ओळखीचं कुणी नाही, आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेत. बारमधून गप्पांचा, हसण्याचा आवाज येतोय. पुढे अख्खा रविवार पडलाय.

बिल टेलिफोनकडे वळला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला हवा होता आपल्यासारखाच एखादा दारुडा, ज्याच्याशी बोलता येईल. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्याची गाठ त्याच्यासारख्याच दारूत अडकलेल्या डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी पडली. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं बजावून आलेले डॉक्टर पाच तासांहून जास्त वेळ बोलत बसले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, इथून सुरू झालं: दारू सोडू पाहणाऱ्यांनी मीटिंगमध्ये बसून एकमेकांना सावरायचं, अशी ही संघटना.

पण गोष्ट इथेच सरळ झाली नाही. काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला निघाले आणि आगगाडीतच पुन्हा प्यायला लागले. परत आले, सावरले. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस एए आपला स्थापना दिवस मानते.

एकाला प्रवासात सोबत सापडली, दुसऱ्याचा तोल प्रवासातच गेला. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाने समारंभाला जावं का, प्रवासाला जावं का, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवसापासूनचा आहे.

[दृश्य: बंद खिडकी. बाहेरून गाण्याचा आवाज. खोलीत एक माणूस फोन हातात धरून बसलाय.]

उपचार संपवून माणूस घरी येतो. घरचे जपतात. लग्नाला नको जाऊस, सहलीला नको जाऊस, जुने मित्र तर नकोतच. पहिले काही आठवडे हे अगदी बरोबर आहे. शरीर सावरायचं असतं, झोप परत यायची असते. पण महिने उलटतात आणि पथ्याची कोठडी होते.

अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने माणसं पुन्हा व्यसनाकडे का वळतात, हे प्रसंग न् प्रसंग तपासून पाहिलं. आग्रहाला बळी पडून झालेल्या घसरणी साधारण पाचवा हिस्सा निघाल्या. त्याहून कितीतरी जास्त, एक तृतीयांशाच्या आसपास, घसरणी झाल्या त्या उदासी, चिंता, चिडचिड, कंटाळा यांतून. बाकीच्यांमध्ये घरातली भांडणंही होती. म्हणजे पार्टी टाळून घरी बसलेला माणूस सुरक्षित आहे, असं आपण समजतो तेव्हा मोठा धोका त्याच्याबरोबर त्याच खोलीत बसलेला असू शकतो.

त्याला माणसं हवीत. हसणं हवं. फक्त ते अशा जागी हवं, जिथे त्याच्या हातात काय आहे याकडे कुणाचं लक्ष नाही.

[दृश्य: डोंगराच्या कड्यावर दोर बांधून चढणारे लोक. खाली उभे असलेले ओरडून हुरूप देताहेत.]

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २००६ साली 'द फीनिक्स' नावाची संस्था सुरू झाली. इथे लोक एकत्र येऊन गिर्यारोहण करतात, धावतात, सायकली चालवतात. शुल्क नाही. अट एकच: आधीचे ४८ तास नशा केलेली नसावी. आम्हाला या अटीत फार मोठं शहाणपण दिसतं. वर्षानुवर्षं सोबर असलेला आणि परवाच थांबलेला, दोघं एकाच दोराला.

लंडनमध्ये २०१३ पासून 'मॉर्निंग ग्लोरीव्हिल' या नावाने भल्या सकाळी नाचाचे कार्यक्रम सुरू झाले. मोठ्याने संगीत, घामाघूम नाच, आणि दारूचा थेंब नाही. ग्रेटफुल डेड या बँडच्या चाहत्यांनी तर त्याच्याही कितीतरी आधी, १९८०च्या दशकात, 'व्हार्फ रॅट्स' नावाचा गट केला. ज्या मैफलींत चहूकडे नशा चालायची, तिथेच ते पिवळे फुगे बांधून उभे राहायचे. मध्यंतरात फुग्यांपाशी मीटिंग. आवडतं संगीत सोडून द्यायला त्यांनी नकार दिला.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. करायला काहीतरी आहे. नुसती बाटली काढून घेतलेली पार्टी फार लवकर ओस वाटते, आणि त्या रिकाम्या तासात जुनी आठवण वर येते.

तुम्ही यजमान असाल तर? "एकच घे, एकाने काय होतंय" हे वाक्य कायमचं सोडा. त्याने का सोडली, हे चारचौघांत विचारू नका आणि कौतुकाने जाहीरही करू नका. त्याला लवकर निघायचं असेल तर निघू द्या. आणि अल्कोहोलविरहित बिअर त्याच्या हातात परस्पर ठेवू नका. अनेक देशांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेली पेयंही याच नावाने विकता येतात. पण खरा मुद्दा टक्क्यांच्या पुढचा आहे. कुणाला त्या पेयाने गर्दीत मिसळल्यासारखं वाटतं, तर कुणाला तोच वास, तोच फेस, तोच ग्लास थेट जुन्या दिवसांत नेऊन सोडतो. ठरवू दे त्याचं त्याला.

[दृश्य: विमानतळ. सकाळची वेळ, बार उघडा. एक बाई बॅग ओढत पुढे जाते.]

प्रवासात रोजचा क्रम मोडतो. जेवण चुकतं, झोप चुकते, फोनवर बोलायची ठरलेली वेळ चुकते. मार्लॅटने आणखी एक गोष्ट दाखवली होती: माणूस घसरण्याआधी साधे, निरुपद्रवी वाटणारे निर्णय घेत घेत तिथवर पोचतो. बारच्या वरचीच खोली. संध्याकाळचा काहीच बेत नाही. एकट्याने वाढवलेला एक दिवस. म्हणून अनुभवी माणसं निघण्याआधीच हॉटेलला कळवून खोलीतला मिनीबार रिकामा करून घेतात, आणि संध्याकाळ कशी जाईल ते आधी ठरवतात. तलफ आलीच तर बहुतेक वेळा ती अर्ध्या तासात लाटेसारखी चढते आणि उतरते. तेवढा वेळ कुणाच्या तरी आवाजाची सोबत लागते.

ती मिळतेही. एए आज सुमारे १८० देशांत आहे. अनेक क्रूझ जहाजांवर दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ असते: 'फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू.' शेजारी मीटिंगची वेळ आणि खोली. ज्याला कळायचं त्याला कळतं. हा बिल म्हणजे लॉबीत येरझाऱ्या घालणारा तोच. १९५० साली क्लीव्हलंडला एएचं पहिलं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं आणि पुढे दर पाच वर्षांनी भरत राहिलं. २०२०चं डेट्रॉइटचं महासाथीमुळे रद्द होऊन ऑनलाइन झालं. २०२५ला लोक व्हँकूव्हरला जमले.

सगळ्यात नाजूक वेळ मात्र परतीची. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले फार थोडे, सुमारे ५ टक्के, पुन्हा व्यसनात अडकले. त्यांची नशेची जागा मागे राहिली होती. सुट्टीवरून परतणाऱ्याचं नेमकं उलट होतं. बाहेर आठवडाभर तलफच आली नाही म्हणून तो निर्धास्त असतो, आणि जुना रस्ता, जुना कोपरा घरापाशी तसाच असतो. म्हणून परतल्या दिवशीच मीटिंग किंवा एखाद्या मित्राची भेट ठरवून ठेवावी.

[दृश्य: टेबलावर औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट.]

आता औषधांबद्दल, आणि हे कृपया नीट ऐका. "चार दिवस बाहेर नेतो, आपोआप सुटेल" असं म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला सहलीला नेऊ नका. दारू एकदम थांबली तर दोनेक दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. डायसल्फिरॅम, म्हणजे ज्यावर अल्कोहोल पोटात गेलं तर त्रास होतो असं दारू सोडवण्याचं औषध, घेणाऱ्याने माउथवॉश, खोकल्याचं औषध, सॉस यांत अल्कोहोल आहे का ते तपासावं. हेरॉइनसारख्या व्यसनावरच्या उपचारात दिली जाणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं घेणाऱ्याने मूळ वेष्टन आणि चिठ्ठी जवळ ठेवावी, आणि ज्या देशात जायचं तिथला कायदा आधी पाहावा. रशियात मेथाडोनला बंदीच आहे.

आणि पाय घसरलाच तर? हेरॉइनसारख्या नशेत काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो. अशा वेळी रागावत बसू नका, त्याला एकटं सोडू नका. श्वास मंद वाटला तर लगेच रुग्णवाहिका बोलवा, अशा नशेचा असर उतरवणारं नॅलोक्सोन हे औषध हाताशी असेल तर द्या. तो सावरला की जवळची मीटिंग शोधा आणि दारापर्यंत त्याच्याबरोबर जा.