राणीचा चहा आणि घोड्याचं कातडं

श्रोतेहो, नमस्कार.

रेशमाचा शोध कुणी लावला, याचं चिनी परंपरेतलं उत्तर ठरलेलं आहे: लेइझू. पीतसम्राट हुआंगदी याची पट्टराणी, शीलिंग कुळातली लेक. तिचा काळ परंपरेनुसार इसवी सनापूर्वी सुमारे २७००. राणी तुतीच्या झाडाखाली चहा पीत बसली होती. वरून रेशीमकिड्याचा एक कोष टपकन पेल्यात पडला. तो काढायला गेली, तर धागा बोटाला लागला आणि ओढावा तसा सुटतच राहिला.

यातला गरम पाण्याचा भाग अगदी खरा. कोषाचा धागा सेरिसिन नावाच्या चिकट द्रव्यानं जागच्या जागी बसलेला असतो. गरम पाण्यात हा चिकटा सैल होतो आणि सलग एकच धागा हाती येतो, कधीकधी ९०० मीटरहूनही लांब. मात्र तो इतका बारीक, की पाच-सात कोषांचे धागे एकत्र ओढले तर कुठं विणण्याजोगं सूत मिळतं.

मला खटकते ती चहा पिणारी राणी. इसवी सनापूर्वी १०० च्या आसपास सिमा च्येन या इतिहासकारानं चीनचा मोठा इतिहास लिहिला. त्यात लेइझूचं लग्न आहे, तिची मुलं आहेत; रेशमाचा मात्र शब्द नाही. ते श्रेय तिच्या पदरात पडलं पुढच्या शतकांत.

जमिनीतला पुरावा आणखी मजेशीर आहे. १९२६ साली शान्शी प्रांतातल्या शीयिन गावी ली जी या पुरातत्त्वज्ञाला एका नवाश्मयुगीन वस्तीत अर्धा कोष सापडला. धारदार वस्तूनं कापलेला! त्याच्या वयावरून वाद आहेत. पण कापला कशाला? धाग्यासाठी कोष कुणी कापत नाही, धागाच तुटतो. आतली अळी खाण्यासाठी कापला असेल, असा एक तर्क आहे. चीनमध्ये ती आजही चवीनं खातात. मला तर वाटतं, पहिला कोष पडला तो कुणा भुकेल्या बाईच्या उकळत्या भांड्यात. राणीचा पेला मागाहून आला असावा.

खेड्यापाड्यांतली गोष्ट तर फार वेगळी, आणि जरा भयंकरच. चौथ्या शतकात गान बाव या लेखकानं ती लिहून ठेवली. बाप दूरदेशी गेलेला. घरी एकटी मुलगी आणि एक घोडा. बापाच्या आठवणीनं कासावीस होऊन ती घोड्याला थट्टेत म्हणाली, "बाबांना घेऊन ये, तुझ्याशी लग्न करीन." घोड्यानं दावं तोडलं, बापाला घेऊन आला. पण त्यानंतर तो चाऱ्याला तोंड लावेना. बापाला खरा प्रकार कळला तेव्हा त्यानं घोडा मारला आणि कातडं अंगणात वाळत टाकलं. मुलीनं त्याला लाथ मारून हिणवलं, तोच कातडं उसळलं, तिला गुंडाळून घेऊन गेलं. काही दिवसांनी दोघं एका झाडावर सापडली, अळी होऊन कोष विणताना. तेच तुतीचं झाड.

हे घोड्याचं प्रकरण कुठून आलं? कात टाकण्याआधी अळी डोकं वर उचलून निश्चल बसते. तेव्हा तिच्याकडे नीट पाहा, तोंड घोड्यासारखंच दिसतं. शुन्झी या तत्त्वज्ञानंही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात रेशीमकिड्यावरच्या काव्यात म्हटलंय, की अंग बाईचं आणि डोकं घोड्याचं. पेल्यातल्या चहापेक्षा या गोष्टीला अळ्या पाळणाऱ्यांची नजर आहे.

राणी आणि ती मुलगी, दोघीही देवता म्हणून टिकल्या. बीजिंगच्या बेईहाय बागेत १७४२ साली सम्राज्ञीसाठी रेशीमदेवीची वेदी बांधली गेली. तिथं सम्राज्ञी विधिपूर्वक तुतीची पानं खुडायची. दक्षिणेकडे हूझोऊच्या परिसरात मात्र घोड्यावर बसलेली देवी अळ्यांच्या खोलीत विराजमान. तिथं अळ्यांच्या हंगामात दारं बंद असत, पाव्हण्यांनी यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. एवढंच काय, त्या दिवसांत सरकारी वसुलीवालेसुद्धा गावाकडे फिरकत नसत.